१९१८चं मत युद्धातल्या कामाचं बक्षीस होतं का? मतदारयादी उघडून पाहिलं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ब्रिटनमध्ये १९१८ साली स्त्रियांना मत मिळालं ते पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत केलेल्या कामाचं बक्षीस म्हणून, असं बहुतेक नोट्समध्ये असतं. मग वयाची अट ३० का? आणि त्या काळातल्या एखाद्या बाईला मत होतं की नव्हतं, हे ठरवायचं कसं?

आधी निकाल सांगतो, मग कारणं. युद्धामुळे दार उघडलं हे खरं. पण कामाच्या मोबदल्यात मत दिलं हे कायद्याच्या मजकुरात कुठेच बसत नाही. ६ फेब्रुवारी १९१८ला राजाची मंजुरी मिळालेल्या त्या कायद्यात बाईनं किती तोफगोळे भरले हे विचारलेलं नाही. तिचं वय किती, ती कुठल्या घरात राहते आणि त्या घराचं भाडं कुणाच्या नावावर आहे, एवढंच विचारलं आहे. कारखान्यात काम करणाऱ्या बहुसंख्य पोरी विशीतल्या. त्यांना मत मिळालं नाही. कारखान्याचं फाटकही न पाहिलेल्या चाळिशीतल्या गृहिणीला मिळालं. बक्षीस म्हणावं तर ते भलत्याच घरी पोचलं होतं.

हे समजायला आधी १९१४पूर्वीच्या मतदारयादीची यंत्रणा बघावी लागते. सगळी मेख तिथंच आहे, आणि आपल्याकडच्या पुस्तकांत नेमकी तीच गाळलेली असते.

त्या काळी ब्रिटनमध्ये सगळ्या पुरुषांनाही मत नव्हतं. १८८४च्या मताधिकार सुधारणेनंतरही दहा प्रौढ पुरुषांमागे साधारण चार जण यादीबाहेर असत. मुख्य अट होती घराच्या ताब्याची: १५ जुलैला संपणारे सलग बारा महिने तुमच्या नावावर बिऱ्हाड हवं. त्या आधारे शरद ऋतूत यादी तपासली जायची आणि ती पुढच्या १ जानेवारीपासून लागू व्हायची. हिशेब करून बघा. एखादा सुतार ऑगस्ट १९१०मध्ये दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेला. १५ जुलै १९११ला त्याचे बारा महिने भरत नाहीत, काही आठवडे कमी पडतात. म्हणजे थेट १५ जुलै १९१२. ती यादी लागू १ जानेवारी १९१३ला. जवळजवळ अडीच वर्षं माणूस मताविना. पोटभाडेकरू, आईबापांकडे राहणारे तरुण, मालकाच्या घरी राहणारे नोकर हे तर बहुतेक बाहेरच.

आता यात युद्ध घाला. लाखो पुरुष फ्रान्समधल्या खंदकांत. कारागीर एका गावातून उचलून दुसऱ्या गावच्या कारखान्यात. बारा महिने एका बिऱ्हाडात कोण राहणार? १९१५पासून नवीन यादी करणंच थांबवलं गेलं. (जुनी कागदपत्रं धुंडाळणाऱ्यांसाठी सूचना: १९१६ किंवा १९१७ची मतदारयादी शोधण्यात आठवडा घालवू नका. ती निघालेलीच नाही.) लोकसभेची म्हणजे हाउस ऑफ कॉमन्सची मुदत संपत आलेली, ती पुन्हा पुन्हा वाढवून घ्यावी लागली. निवडणूक घ्यावी तर लढणाऱ्या शिपायालाच मत नाही, आणि यादी १९१४ची, त्यातले किती जण जिवंत आहेत हेही कुणाला माहीत नाही. ही अडचण स्त्रियांची नव्हती, सरकारची होती. सुधारणेची निकड इथून आली.

यादीला हात घालायचा म्हटल्यावर स्त्रियांचा प्रश्न आपोआप पुढे आला असता का? नसता. तो पुढे रेटणाऱ्या संघटना पन्नास वर्षं उभ्या होत्या म्हणून आला. सनदशीर मार्गानं स्त्रियांसाठी मत मागणाऱ्या संघटनेच्या नेत्या मिलिसेंट फॉसेट यांनी मे १९१६मध्येच पंतप्रधान ॲस्क्विथना पत्र लिहून कळवलं होतं की नुसती शिपायांची दुरुस्ती असेल तर आमची हरकत नाही, पण मताधिकाराच्या अटी बदलणार असाल तर स्त्रियांचा विचार झालाच पाहिजे. ऑगस्टमध्ये ॲस्क्विथ यांनी, जे आयुष्यभर विरोधात होते, सभागृहात सूर बदलला. भाषणात त्यांनी स्त्रियांच्या युद्धकार्याचा उल्लेख केला आणि 'बक्षीस' ही कथा तिथून चालत आली. राजकारण्याला माघार घ्यायची असली की सन्मानाची वाट लागते. ती त्याला त्या कामानं दिली, इतकं श्रेय कामाला जरूर द्या.

पुढचं काम बंद दाराआड झालं. सभापती जेम्स लाउदर यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही सभागृहांतल्या सर्व पक्षांच्या ३२ सदस्यांची परिषद १२ ऑक्टोबर १९१६ला बसली आणि जानेवारी १९१७च्या अखेरीला अहवाल आला. याच लाउदर यांनी जानेवारी १९१३मध्ये, मताधिकार विधेयकात स्त्रियांची दुरुस्ती घालता येणार नाही असा निर्णय देऊन अख्खं विधेयक बुडवलं होतं. त्याआधी १९१२चं स्त्रियांच्या मताचं तडजोडीचं विधेयक अवघ्या १४ मतांनी पडलं होतं. म्हणजे सभागृहात पाठिंबा युद्धाआधीच काठावर आलेला होता. अडत होतं ते पक्षांच्या हिशेबात. मोजक्या मालमत्तावाल्या स्त्रियांना मत दिलं तर हुजूर पक्षाचा फायदा, सगळ्यांना दिलं तर मजूर पक्षाचा, अशी भीती प्रत्येकाच्या पोटात. १९१५पासून सरकार संयुक्त होतं, त्यामुळे फायद्यातोट्याची ही काटछाट एका टेबलाभोवती बसून करता आली. डिसेंबर १९१६मध्ये ॲस्क्विथ जाऊन लॉइड जॉर्ज आले, तेही उपयोगी पडलं.

१९ जून १९१७ला कॉमन्समध्ये स्त्रियांचं कलम ३८५ विरुद्ध ५५ मतांनी मंजूर झालं. उमरावांच्या सभागृहात अडेल असं वाटत होतं, कारण तिथं सरकार पक्षाचे नेते होते लॉर्ड कर्झन. हो, तेच बंगालच्या फाळणीवाले. ते स्त्री-मताधिकाराला विरोध करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षही होते. १० जानेवारी १९१८ला त्यांनी भाषण विरोधात केलं. पण कॉमन्सशी भांडण ओढवून घेऊ नका म्हणाले आणि स्वतः तटस्थ राहिले. १३४ विरुद्ध ७१. त्यांच्याच संघटनेच्या लोकांनी त्यांना नंतर बरंच सुनावलं.

आता ३० का? परिषदेनं ३० किंवा ३५ असे दोन आकडे सुचवले होते. देशात स्त्रिया पुरुषांपेक्षा दहा लाखांहून जास्त होत्या आणि युद्धात पुरुष रोज मरत होते. पुरुषांना २१ला, लढाईवर गेलेल्यांना तर १९लाच मत द्यायचं ठरलेलं. स्त्रियांनाही २१ ठेवलं असतं तर पहिल्याच निवडणुकीत बहुमत त्यांचं झालं असतं. वय त्यासाठी वर ढकललं. १९१८च्या यादीत एकूण सुमारे २ कोटी १४ लाख मतदार झाले आणि त्यांत स्त्रिया साधारण ८५ लाख, म्हणजे दहात चार. फॉसेट यांच्या बाजूनं हा सौदा जाणूनबुजून स्वीकारला गेला. आज आंत घुसू, उरलेलं नंतर बघू, हा हिशेब.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. अमुक एका बाईला मत होतं का? तपासायचा क्रम नेहमी हाच ठेवा: आधी वय, मग ताबा, मग नवरा, शेवटी पदवी. पहिल्या नव्या यादीची हिशेबाची तारीख १५ एप्रिल १९१८. तोवर ती तिशीची झालेली हवी. नंतर बघायचं, ती स्वतः एखाद्या घराची किंवा वर्षाला ५ पौंड मोलाच्या जागेची भाडेकरू किंवा मालक आहे का. नसेल तर तिचा नवरा आहे का आणि दोघं तिथं राहतात का. तेही नसेल तर विद्यापीठाची पदवी आहे का.

कागदावर सोपं दिसतं. गफलत होते ती 'ताबा' या शब्दात, म्हणून काही घरं आत शिरूनच बघावीत.

स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना कारखान्यातली २२ वर्षांची मुलगी: वयातच गेली. समजा ती ३२ची आहे. तरी नाही, कारण ती कारखान्याच्या वसतिगृहात राहते, खाट-गादी त्यांची, जागा तिच्या नावावर नाही. लंडनमधल्या बड्या घरात पोटमाळ्यावर झोपणारी ३५ वर्षांची मोलकरीण: नाही, मालक त्याच घरात राहतो. तीच बाई बंगल्याच्या फाटकावरच्या वेगळ्या खोलीत राहत असती आणि मालक तिथं राहत नसता, तर नोकरीपोटी मिळालेल्या जागेचाही ताबा धरला जायचा, म्हणजे हो. चाळीस वर्षांची विधवा, एक खोली भाड्यानं घेऊन राहते: खोली रिकामी घेतली आणि खाट, चूल, भांडी स्वतःची आणली तर हो. घरमालकिणीच्या सामानासकट घेतली तर नाही. एका खाटेवर मत अडायचं. म्हाताऱ्या वडिलांचं घर चालवणारी ३८ वर्षांची अविवाहित मुलगी: नाही, भाडेकरू वडील. ते गेले आणि भाडेपावती तिच्या नावावर झाली की पुढच्या यादीत हो.

आणि हा सापळा, ज्यात चांगले चांगले फसतात. ३१ वर्षांची बाई नवऱ्यासोबत सासूसासऱ्यांच्या घरी राहते. नवऱ्याला मत आहे, मग बायकोलाही असेलच? नाही. नव्या कायद्यात पुरुषाला सहा महिने नुसतं राहणं पुरे होतं. बायकोला मात्र नवरा घराचा ताबेदार म्हणून स्थानिक मतदार असला तरच मत. इथं ताबा सासऱ्याचा. म्हणून नवरा मत देणार, सासू देणार आणि सून घरी.

पदवीची अटही सरळ नव्हती. ऑक्सफर्डनं स्त्रियांना पदव्या १९२०मध्ये दिल्या, केंब्रिजनं पूर्ण हक्कानं १९४८मध्ये. म्हणून कायद्यात वेगळी सोय केली: पुरुष असती तर पदवी मिळाली असती इतक्या परीक्षा आणि निवास पूर्ण केला असेल तर चालेल.

यादीतली ओळ कशी वाचायची तेही सांगतो. यादी आडनावानं लावलेली नसते, रस्त्यानं लावलेली असते, त्यामुळे पत्ता हाताशी नसेल तर पानन् पान चाळावं लागतं. नावापुढे पात्रतेचे दोन रकाने असतात, एक संसदेचा आणि एक स्थानिक निवडणुकीचा. 'आर' म्हणजे निवास, तो पुरुषापुढे दिसेल. 'ओ' म्हणजे ताबा. 'एचओ' म्हणजे नवऱ्याचा ताबा. 'एनएम' म्हणजे लष्करी किंवा नौदलाचा मतदार. एखाद्या बाईच्या संसदेच्या रकान्यात रेघ आणि स्थानिकच्या रकान्यात 'ओ' दिसला, तर ती बहुधा २१ ते २९मधली, स्वतःचं बिऱ्हाड असलेली बाई. नगरपालिकेला तिचं मत चालतं, संसदेला नाही. उलट संसदेच्या रकान्यात 'एचओ' असेल तर जन्म एप्रिल १८८८च्या आधीचा असा अंदाज बांधता येतो. वय यादीत छापत नाहीत, पण असं ते चोरपावलानं सापडतं. १९१८ची शरद ऋतूतली यादी उघडून एखाद्या कामगार गल्लीचं पान बघा: 'एचओ', 'एचओ', 'एचओ' अशी रांग. बहुतेक बायका मतदार झाल्या त्या बायको म्हणून.

स्थानिक मताचा उल्लेख आला म्हणून आणखी एक. १९१८ हे शून्य वर्ष नव्हे. कर भरणाऱ्या अविवाहित आणि विधवा स्त्रियांना नगरपालिकेचं मत १८६९पासून होतं, शाळा मंडळांवर त्या १८७०पासून निवडून जात होत्या आणि १९०७पासून नगरसेवकही होऊ शकत होत्या. गटारं, शाळा, गरिबांची मदत हा बायकांचा प्रांत आणि साम्राज्य, सैन्य हा पुरुषांचा, अशी वाटणी होती. युद्धानं ती वाटणी पुसट केली. भाकरीचा भाव, घराचं भाडं आणि साखरेचं रेशन हेच जेव्हा युद्धाचे प्रश्न होतात, तेव्हा स्वयंपाकघर कुठं संपतं आणि संसद कुठं सुरू होते हे सांगणं अवघड जातं.

म्हणून घरच्या आघाडीकडे, म्हणजे युद्धकाळात मायदेशी जे चाललं होतं त्याकडे, जरा जवळून बघायला हवं. पण बक्षिसाच्या चष्म्यातून नको.

जुलै १९१४ला नोकरी करणाऱ्या स्त्रिया सुमारे ३३ लाख होत्या, युद्ध संपताना त्या ४७ लाखांच्या वर गेल्या. हे आकडे वापरताना काळजी घ्या. यातल्या बऱ्याच जणी आधीपासून काम करत होत्या. कुणी मोलकरीण होती, कुणी शिवणकाम सोडून आली. घरकामातून सुमारे चार लाख बायका निघाल्या. 'घरात बसलेल्या बायका प्रथमच बाहेर पडल्या' हे वाक्य गिरणी कामगारांच्या लँकशरला लावून बघा, लगेच फसतं.

तोफगोळ्यांचा तुटवडा मे १९१५मध्ये चव्हाट्यावर आला आणि महिन्याभरात लॉइड जॉर्ज यांच्या हाताखाली दारूगोळ्याचं वेगळं खातं उघडलं. स्त्रियांना काम मिळावं म्हणून १७ जुलैला मताधिकाराच्या उग्र गटाच्या नेत्या एमेलिन पँखर्स्ट यांनी लंडनमध्ये मोठा मोर्चा काढला. त्याला पैसा त्याच खात्यानं पुरवला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांना तुरुंगातून सोडून पुन्हा पकडण्याचा खेळ चालला होता, १९१३च्या 'मांजर-उंदीर' कायद्याखाली. तेच सरकार आता मोर्चाचा खर्च उचलत होतं.

आतल्या कामाची रीत अशी. स्फोटकं भरण्याच्या कारखान्यात 'घाण' बाजू आणि 'स्वच्छ' बाजू असे दोन भाग, मधे आडवी फळी. घाण बाजूला चपला-बूट, रस्त्यावरचे कपडे, अंगठी, केसांतले आकडे, काड्यापेटी सगळं काढून ठेवायचं. पलीकडे पाय टाकताना आतले बूट. एका ठिणगीचा प्रश्न असतो. झडती घ्यायला स्त्री पोलीस नेमल्या होत्या. ग्रेटनामध्ये गनकॉटन आणि नायट्रोग्लिसरीन ही स्फोटकं हातानं मळून कॉर्डाइटची, म्हणजे तोफेच्या दारूची, कणीक करत. तिला 'सैतानाची पेज' असं नाव पडलं. टीएनटी हे स्फोटक भरणाऱ्यांची कातडी पिवळी व्हायची, पुढचे केस भगवट. लोक त्यांना 'कॅनरी' (पिवळा पक्षी) म्हणत. वरून हे गमतीदार दिसतं. पण पावडर कातडीतून आणि श्वासातून यकृतापर्यंत जायची आणि त्यातून होणारी विषारी कावीळ जिवावर बेतायची. १९१६पासून तिची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं. उपाय म्हणून दूध प्यायला देत, मास्क आणि हातमोजे देत आणि पाळीपाळीनं टीएनटीपासून लांबच्या कामावर पाठवत. खरा फरक शेवटच्या उपायानं आणि हवा खेळती ठेवल्यानं पडतो. दुधाचा उपयोग मुख्यतः पोट भरायला.

५ डिसेंबर १९१६च्या रात्री लीड्सजवळच्या बार्नबो कारखान्यात खोली क्रमांक ४२मध्ये स्फोट झाला. ३५ स्त्रिया गेल्या. युद्धकाळातल्या सेन्सॉरमुळे कारखान्याचं नावही वर्तमानपत्रांत आलं नाही.

पगाराचं बघा. ऑक्टोबर १९१५मध्ये खात्यानं 'एल २' नावाचं परिपत्रक काढलं: पुरुषांच्या जागी लागलेल्या बाईला आठवड्याला १ पौंड, आणि कुशल कारागिराचं पूर्ण काम करत असेल तर त्याचाच दर. कारखानदारांनी पळवाट 'पूर्ण' या शब्दात शोधली. यंत्र लावून द्यायला एक पुरुष ठेवायचा, म्हणजे बाईचं काम 'पूर्ण' नाही, म्हणजे दर कमी. नोकरी सोडून दुसरीकडे जावं तर जुन्या मालकानं दिलेला, काम सोडायला परवानगी असल्याचा दाखला हवा; तो नसेल तर सहा आठवडे कुठंच काम नाही. हा नियम १९१७मध्ये गेला. ऑगस्ट १९१८मध्ये लंडनच्या बसमधल्या स्त्री कंडक्टरांनी पुरुषांना दिलेला ५ शिलिंगचा भत्ता आपल्यालाही हवा म्हणून संप केला आणि मिळवला. तोवर मताचा कायदा होऊन सहा महिने झाले होते.

मताविना काय साधलं याचं सगळ्यात ठळक उदाहरण ग्लासगोचं आहे. कारागिरांची गर्दी झाली तशी घरमालकांनी गोव्हन आणि पार्टिक भागात भाडी वाढवली. मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या गृहिणींनी १९१५मध्ये भाडेबंदी पुकारली. पद्धत साधी होती आणि म्हणूनच टिकली. खिडकीत पाटी: वाढीव भाडं देणार नाही, घरही सोडणार नाही. चाळीच्या जिन्याच्या तोंडाशी एक बाई घंटा घेऊन पाळत ठेवी. कोर्टाचा माणूस दिसला की घंटा. मग वरून पिठाच्या पुड्यांचा मारा, जिना बायकांनी भरलेला. जुनं भाडं मात्र भरायचं, त्यामुळे थकबाकीदार म्हणून बदनाम करता येत नसे. नोव्हेंबरपर्यंत वीस हजारांवर बिऱ्हाडं सामील झाली. १७ नोव्हेंबरला १८ भाडेकरूंना कोर्टात उभं केलं तेव्हा गोदी कामगार काम टाकून बाहेर आले. डिसेंबर संपण्याआधी भाडी युद्धापूर्वीच्या पातळीवर गोठवणारा कायदा आला. त्याचा सांधा आपल्याकडेही आहे: मुंबई सरकारनं १९१८मध्ये युद्धकालीन भाडेनियंत्रणाचा कायदा केला, आणि मुंबईच्या जुन्या चाळींमधल्या भाड्याच्या भानगडी तिथवर मागे नेता येतात.

घरच्या आघाडीची दुसरी बाजूही लिहा. मार्च १९१८मध्ये, म्हणजे मताचा कायदा झाल्यावर महिन्या-दीड महिन्यातच, संरक्षण नियमावलीत ४०-डी हा नियम आला. गुप्तरोग असलेल्या बाईनं शिपायाशी संबंध ठेवला तर गुन्हा तिचा. शिपायाचा नाही. युद्ध संपताच तो मागे घेतला. आणि बक्षिसाची गोष्ट सांगणाऱ्यांनी १९१९ बघावं: कामगार संघटनांना युद्धकाळात दिलेल्या शब्दाप्रमाणे युद्धापूर्वीची कामाची वाटणी पूर्ववत करणारा कायदा झाला, कारखान्यांतून बायका काढल्या गेल्या आणि मोलकरणीचं काम नाकारलं म्हणून अनेकींचा बेकारी भत्ता बंद केला.

फ्रान्सशी ताडून बघितलं की मुद्दा पक्का होतो. तिथल्या बायकांनीही तोफगोळे भरले. तिथं वरिष्ठ सभागृहानं १९२२मध्ये प्रस्ताव फेटाळला आणि मत मिळालं १९४४मध्ये. न्यूझीलंडनं १८९३मध्ये दिलं, युद्ध नसताना.

लिहिताना होणाऱ्या दोन-तीन चुका. 'सफ्रजेट' हा शब्द सगळ्यांना लावू नका. तो १९०६मध्ये एका वृत्तपत्रानं पँखर्स्ट गटाला हिणवायला काढला. फॉसेट यांच्या सनदशीर गटाच्या बायका 'सफ्रजिस्ट', आणि संख्येनं त्याच कितीतरी जास्त. संसदेत निवडून आलेली पहिली स्त्री कॉन्स्टन्स मार्कीविच, डिसेंबर १९१८, डब्लिन. ती तेव्हा हॉलोवे तुरुंगात होती आणि तिच्या पक्षाच्या धोरणानुसार सभागृहात बसली नाही. जागेवर प्रत्यक्ष बसलेली पहिली नॅन्सी ॲस्टर, १ डिसेंबर १९१९. शिवाय नोव्हेंबर १९१८च्या वेगळ्या छोट्या कायद्यानं स्त्रीला २१व्या वर्षी उमेदवार होता येत होतं. म्हणजे पंचविशीची बाई खासदार होऊ शकत होती, स्वतःला मत मात्र देऊ शकत नव्हती. ही विसंगती २ जुलै १९२८ला संपली, दोघांनाही २१. पुढच्या वर्षीच्या यादीत स्त्रिया निम्म्याहून अधिक होत्या, १९१८मध्ये जे टाळलं होतं ते.

आपल्या वाचकांसाठी याचा धागा मुंबईत सापडतो. मुंबईच्या हेराबाई टाटा यांना या चळवळीची ओढ लागली ती १९११मध्ये काश्मीरला, ब्रिटनमधल्या सफ्रजेट सोफिया दुलीपसिंग यांच्या अंगावरचा मताधिकाराचा बिल्ला बघून. १९१९मध्ये त्या मुलगी मिठन हिला घेऊन लंडनला गेल्या आणि भारताच्या नव्या कायद्यात स्त्रियांना मत हवं म्हणून संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. भारतातला मताधिकार ठरवायला नेमलेल्या साउथबरो समितीनं आधीच नकार दिला होता. संसदेनं निर्णय प्रांतांवर ढकलला. मद्रासपाठोपाठ मुंबई विधिमंडळानं १९२१मध्ये मालमत्तेच्या, पुरुषांना होत्या त्याच अटींवर स्त्रियांना मत दिलं. त्यामागच्या मोहिमेत रमाबाई रानडे होत्या. मिठन लंडनलाच राहून १९२३मध्ये बॅरिस्टर झाली. ब्रिटनमध्ये स्त्रियांना वकिलीचं दार १९१९च्या कायद्यानं नुकतंच उघडलेलं. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणारी ती पहिली स्त्री.

आणि 'एचओ' समुद्र ओलांडून इथंही आलं. १९३५च्या भारत सरकार कायद्यात स्त्रियांच्या पात्रतेत साक्षरतेच्या जोडीला मालमत्ताधारकाची बायको किंवा विधवा असणं हा निकष घातला गेला. अखिल भारतीय महिला परिषदेनं त्याला विरोध करून सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. त्या कायद्यानं सुमारे ६० लाख स्त्रिया मतदार झाल्या, आणि त्यांतल्या किती जणी स्वतःच्या नावावर आणि किती जणी नवऱ्याच्या मालमत्तेवर, हा प्रश्न १९१८च्या ब्रिटिश यादीसारखाच विचारावा लागतो.